दिनार, दिर्हम आणि खुर्द्याचा प्रश्न

जकार्ताच्या दक्षिणेला खेटून असलेल्या देपोक शहरात दर दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा असा एक छोटासा बाजार भरत असे. दहा-पंधरा विक्रेते, त्यांच्यापुढे खाण्यापिण्याचे जिन्नस, किराणा, कपडे. या बाजारात सोन्याचे दिनार आणि चांदीचे दिर्हम चालत, हे त्याचे वेगळेपण. जानेवारी २०२१ मध्ये त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली. देशात रुपियाखेरीज दुसरे कोणतेही चलन कायदेशीर नाही, असे इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाजाराचे संस्थापक झईम सैदी यांना अटक झाली. देपोकच्याच न्यायालयात खटला चालला. ऑक्टोबरमध्ये सैदी निर्दोष सुटले.

दोन तासांच्या बाजाराने कुठल्याही देशाचे चलन कोसळत नाही. तरीही पोलीस, मध्यवर्ती बँक आणि न्यायालय यांना त्याची दखल घ्यावी लागली, कारण नाण्यांमागचा दावा मोठा होता. कागदी नोट दरवर्षी झिजते, सोने-चांदी झिजत नाही; मग माणसाने रोजचा व्यवहार सोन्या-चांदीत का करू नये, असा तो दावा. १९९७-९८ च्या आर्थिक संकटाची झळ सोसलेल्या इंडोनेशियात तो सहज पटण्यासारखा होता. संकटापूर्वी सुमारे २,४०० रुपियाला मिळणारा डॉलर १९९८ मध्ये १५,००० च्या पलीकडे गेला होता. ज्यांची बचत नोटांत होती त्यांची क्रयशक्ती काही महिन्यांत आटली.

या नाण्यांचा इतिहास तेराशे वर्षांहून जुना आहे. सातव्या शतकात अरबांनी मोठा प्रदेश जिंकला तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे चलन नव्हते. बायझंटाईन साम्राज्याची सोन्याची नाणी आणि इराणच्या सासानी राजांची चांदीची नाणी यांवरच कारभार चाले. उमय्या खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी सन ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ मध्ये, राजाचा मुखवटा आणि क्रूस काढून केवळ अक्षरे असलेला दिनार पाडला. दोन वर्षांनी त्याच पद्धतीचा दिर्हम आला. दिनार ४.२५ ग्रॅम सोन्याचा. दिर्हमचे प्रमाण असे, की दहा दिर्हमांचे वजन सात दिनारांइतके भरावे. त्या हिशेबाने दिर्हम २.९७५ ग्रॅमचा होतो. देपोकच्या बाजारातील नाणी याच वजनाची होती, फरक एवढाच की दिनार २२ कॅरेटचा होता.

धर्मशास्त्रातही ही मापे रुजली. जकात कोणाला लागू होते हे ठरवण्याची मर्यादा वीस दिनार किंवा दोनशे दिर्हम, म्हणजे आजच्या वजनात ८५ ग्रॅम सोने किंवा ५९५ ग्रॅम चांदी. हनफी पंथात निकाहाचा किमान मेहर दहा दिर्हम. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी दिनार पाहिला नाही, त्या मुंबईतल्या किंवा मालेगावातल्या मुसलमान कुटुंबालाही जकातीचा हिशेब करताना या नाण्यांशी गाठ पडतेच. मात्र धर्माने फक्त याच नाण्यांत व्यवहार करायला सांगितले आहे का, यावर एकमत नाही. खलिफा उमर यांनी उंटाच्या कातड्याचे दिर्हम काढण्याचा विचार केला होता आणि ‘मग उंटच उरणार नाहीत’ असे कोणीतरी म्हटल्यावर तो सोडला, अशी हकीकत नवव्या शतकातील इतिहासकार बलाझुरी देतो. इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत कागदी चलन हे पूर्ण अर्थाने चलनच आहे, जकात आणि व्याजबंदीचे नियम त्यालाही लागू आहेत, असा निर्णय दिला. बहुतेक मुसलमान आज तेच मानतात.

न मानणाऱ्यांपैकी सर्वांत सक्रिय गट म्हणजे मुराबितून चळवळ. मूळचे स्कॉटलंडचे आणि पुढे मुसलमान झालेले अब्दुलकादिर अस-सूफी हे तिचे संस्थापक. त्यांचे स्पॅनिश अनुयायी उमर वादिलो यांनी कागदी पैशाविरुद्ध फतवा लिहिला आणि १९९२ मध्ये स्पेनमधील ग्रानाडा येथे या चळवळीने आपला पहिला दिनार पाडला. तिथून ही कल्पना आग्नेय आशियात पोहोचली. मलेशियाचे पंतप्रधान महातीर मोहम्मद यांनीही सोन्याच्या दिनाराची भाषा केली होती, पण त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानातली खरेदी नव्हती. मुस्लीम देशांनी आपापसातल्या व्यापाराची देणी डॉलरऐवजी सोन्यात मिटवावीत, अशी त्यांची योजना होती. २००३ मध्ये ते पायउतार झाले आणि ती मागे पडली.

दुकानापर्यंत नाणी नेली ती मलेशियातल्याच केलांतान राज्याने. तिथे पास या इस्लामी पक्षाचे सरकार होते आणि निक अब्दुल अझीझ हे मुख्यमंत्री. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांच्या सरकारने दिनार आणि दिर्हम विक्रीस आणले. राजधानी कोटा भारूमधल्या दुकानांवर ‘येथे ही नाणी स्वीकारली जातात’ अशा पाट्या लागल्या. राज्य कर्मचाऱ्यांना पगाराचा चौथा हिस्सा नाण्यांत घेण्याची मुभा देण्याचीही घोषणा झाली. केंद्र सरकारने लगेच बजावले, की चलन हा केंद्राचा विषय आहे आणि ही नाणी कायदेशीर चलन नाहीत. लोकांनी नाणी उत्साहाने विकत घेतली. पण घेतली ती कपाटात ठेवण्यासाठी. दुकानांच्या गल्ल्यात ती फारशी उतरली नाहीत.

असे का झाले, याचे उत्तर अर्थशास्त्रात ग्रेशमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नियमात आहे: हलके नाणे भारी नाण्याला बाजारातून हुसकावते. खिशात झिजणारी नोट आणि चढणारे सोने दोन्ही असतील, तर शहाणा माणूस नोट खर्च करतो आणि सोने ठेवतो. केलांतानमध्ये नाणी आली तेव्हा सोने औंसाला साधारण १,२०० डॉलर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४,००० डॉलरच्या पुढे गेले. त्या काळात ज्याने दिनार देऊन किराणा भरला असेल, त्याला आज तो किराणा फार महाग पडला असे वाटेल. मधल्या काळात, २०१५ च्या अखेरीस, सोने १,०५० डॉलरपर्यंत उतरलेही होते. रोजच्या चलनाने असे वर-खाली होऊन चालत नाही. दुकानदाराला उद्याचा माल कितीला भरायचा हे आज कळावे लागते.

दिनाराच्या समर्थकांचा आवडता दाखला मेंढीचा. प्रेषितांनी उरवा नावाच्या सहकाऱ्याला एक दिनार देऊन मेंढी आणायला पाठवले; त्याने त्यात दोन मेंढ्या घेतल्या, एक दिनाराला विकली आणि मेंढी व दिनार दोन्ही घेऊन परतला, असे बुखारीच्या संग्रहातील हदीस सांगते. आजही एका दिनारात मेंढी येते आणि एका दिर्हमात कोंबडी, तेव्हा चौदाशे वर्षांत महागाई शून्य, असे समर्थक म्हणतात. पण जकातीच्या मर्यादेत वीस दिनार आणि दोनशे दिर्हम एकाच पातळीवर धरले आहेत, म्हणजे तेव्हा एका दिनाराचे दहा दिर्हम होत. देपोकच्या बाजारात पोलिसांनी सांगितलेल्या दराने दिनार ४० लाख रुपियाचा आणि दिर्हम ७३,५०० रुपियाचा होता. भागाकार केला तर एका दिनाराला चोपन्न दिर्हम पडतात. सोन्याने आपली किंमत राखली असेल, तर चांदीची त्याच्या तुलनेत पाचपटीहून अधिक घसरण झाली. दोन्ही धातू एकाच वेळी अढळ असू शकत नाहीत. निव्वळ धातूच्या भावाने पाहिले तर दरी आणखी रुंद आहे, म्हणूनच सोन्याची मर्यादा धरून जकातीतून सुटणारा माणूस चांदीची मर्यादा धरली की तिच्या कक्षेत येतो.

त्याच दरांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २०२१ च्या सुरुवातीला चांदी औंसाला सुमारे २६ डॉलर होती आणि डॉलर सुमारे १४,००० रुपियाला. त्या हिशेबाने एका दिर्हमातल्या चांदीची किंमत जेमतेम ३५,००० रुपिया भरते. नाणे मात्र ७३,५०० ला चालत होते. वरची निम्मी रक्कम घडणावळ, वितरण आणि विक्रेत्याची दलाली यांची. बाजाराबाहेरच्या सराफाने ती दिली नसती. म्हणजे देपोकचा दिर्हम निम्मा चांदीवर चालत होता आणि निम्मा ‘समोरचा याच भावाने घेईल’ या भरवशावर. कागदी नोटही नेमकी याच भरवशावर चालते.

मुळात सोने रोजच्या व्यवहाराचे चलन होते तरी कधी? खलिफांच्या काळातही भाजी, पाव, तेल यांसाठी तांब्याचे फुलूस वापरले जात. दिर्हमाचा सहावा भाग म्हणजे दानिक, हे त्यावरचे माप. दिनार व्यापाऱ्यांच्या, करवसुलीच्या आणि सैन्याच्या पगाराच्या हिशेबात फिरे. स्कॅन्डिनेव्हियात उकरून काढलेल्या व्हायकिंगकालीन ठेव्यांत अरबी दिर्हम हजारोंनी सापडतात आणि त्यांतले कित्येक कापलेले असतात. तिथल्या लोकांनी नाण्याचे तुकडे करून वजनावर मोड दिली. खुर्दा नसला की माणूस नाणेही तोडतो.

खुर्द्याचा दुसरा धोका कैरोच्या अल-मकरीझी या विद्वानाने अनुभवला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मामलुक सुलतान बरकूकच्या राजवटीत चांदीचा तुटवडा पडला आणि टांकसाळीतून तांब्याच्या नाण्यांचा पूर आला. भाव भडकले. अल-मकरीझी स्वतः कैरोच्या बाजाराचा निरीक्षक राहिला होता. दुष्काळ आणि महागाईवर त्याने लिहिलेल्या ग्रंथात खरे चलन फक्त सोने आणि चांदी, असे ठासून सांगितले आहे. आजचे दिनारवादी त्याचा आधार घेतात. पण त्याच्या तक्रारीचा दुसरा अर्थही तितकाच खरा: सोने-चांदीला चलन मानणाऱ्या राज्यालाही तांब्यावाचून दिवस काढता आला नव्हता.

महाराष्ट्रातल्या सुलतानशाह्यांचे चित्र वेगळे नाही. अहमदनगरच्या निजामशाहीची आज सापडणारी नाणी जवळजवळ सगळी तांब्याची आहेत. विजापूरच्या आदिलशाहीतही रोजची उलाढाल तांब्यावर होई. चांदी मुख्यतः लारी या दुमडलेल्या तारेच्या रूपात, समुद्री व्यापारासाठी. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मात्र चांदीचे नाणे मराठी माणसाच्या हातात रोज खेळले. विसाव्या शतकात मराठवाड्यातला शेतकरी चारमिनारची छाप असलेल्या हाली रुपयात सारा भरत असे आणि सरहद्दीपलीकडे मोसंबी किंवा कापूस विकला की हातात इंग्रजी कलदार रुपया येई. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. दोन्ही नाण्यांतील शुद्ध चांदीचे प्रमाणही जवळजवळ तेच. तरीही अदलाबदलीत सराफाचा बट्टा जाई, तो गरीब माणसाच्या पदरचा. १९५९ मध्ये हाली सिक्का रद्द झाला. हैदराबाद संस्थानाने तो चालवला, कारण त्याच्यामागे टांकसाळ, तिजोरी आणि त्याच नाण्यात सारा घेणारे सरकार होते. देपोक आणि केलांतानच्या नाण्यांमागे हे तिसरे बळ नव्हते.

तथाकथित इस्लामिक स्टेटनेही नोव्हेंबर २०१४ मध्ये सोने, चांदी आणि तांब्याच्या नाण्यांची घोषणा केली होती. त्या संघटनेचा स्वतःचा व्यवहार मात्र प्रामुख्याने डॉलरमध्ये चाले.

दिनार आणि दिर्हम यांचे काम संपलेले नाही. जकात धातूत द्यायची असेल, मेहर नोटांऐवजी नाण्यांत ठरवायचा असेल, किंवा बचतीचा काही भाग सोन्यात ठेवायचा असेल, तर ठरलेल्या वजनाचे आणि शुद्धतेचे नाणे दागिन्यापेक्षा सोयीचे पडते, कारण त्यात घट निघत नाही. मात्र विकत घेताना विक्रेत्याला एक प्रश्न आधी विचारावा: हेच नाणे उद्या परत आणले तर कितीला घ्याल? सोन्याच्या दिनारात हा फरक सोसण्यासारखा असतो. चांदीच्या दिर्हमात तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, आणि भाजीवाल्याला द्यायच्या पैशांत इतका तोटा कोणालाच परवडत नाही.