बाटलीचे डिपॉझिट आणि गाईचे पोट

ज्याचे शेत हमरस्त्याला लागून आहे त्याला एक पीक न पेरता मिळते, ते म्हणजे बाटल्या. नांगरताना काच वर येते, माणसाचा पाय कापतो, बैल लंगडू लागतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे नव्याने सांगायला नको. पण बाटल्यांवर कायद्याने पहिला लगाम घातला गेला तो अमेरिकेतल्या गवळ्यांच्या तक्रारीवरून, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

व्हरमाँट हे तिकडचे दूधदुभत्याचे राज्य. तेथे एकदा वापरून फेकायच्या बिअरच्या बाटल्या आल्या. मोटारीतून जाणारे लोक त्या शेतात भिरकावीत, त्या वैरणीत मिसळत आणि काच गाईच्या पोटात जाई. गाय घास निवडून खात नाही. जिभेने ओढते, गिळते, आणि रवंथ मागाहून करते. म्हणून तार, खिळा, काच जे काही आत जाईल ते पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा हृदयाच्या अगदी शेजारी असतो. गवळ्यांनी ओरड केली आणि १९५३ साली राज्याने अशा बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी घातली. पुढे बाटलीवाल्या धंद्याने जोर लावला व १९५७ मध्ये ती बंदी संपली.

ऑरेगन राज्याने निराळी वाट धरली. १९७१ साली कायदा झाला व ऑक्टोबर १९७२ पासून अमलात आला. बंदी नाही, बिअर व सोड्याची बाटली किंवा डबा घेताना पाच सेंट जादा द्यायचे, रिकामी आणून दिली की ते परत घ्यायचे. हा कर नव्हे. ज्याने बाटली फेकली त्याचे पैसे गेले, आणि ज्याने उचलली त्याला मिळाले. पुढे व्हरमाँटनेही हीच पद्धत उचलली.

आपल्याकडे यात नवे ते काय, असे कुणी म्हणेल. आणि ते खरेच आहे. थंड पेयाची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट ठेवून घेई, आणि पोरे रिकाम्या बाटल्या परत द्यायला आनंदाने धावत. त्यासाठी कायदा लागला नाही, कारण बाटलीच आतल्या पेयापेक्षा मोलाची होती. प्लास्टिकची बाटली कवडीमोल झाली आणि ती रीत मोडली. आता ते मोल बाहेरून लावावे लागते.

मोल मात्र पुरेसे हवे. ऑरेगनमध्ये पाच सेंट तसेच राहिले, महागाई वाढत गेली आणि लोक आळसावले. म्हणून २०११ मध्ये असे ठरले की परतीचे प्रमाण लागोपाठ दोन वर्षे ८० टक्क्यांखाली गेले तर डिपॉझिट दुप्पट करायचे. तसे ते गेले, आणि एप्रिल २०१७ पासून दहा सेंट झाले. त्यानंतर प्रमाण पुन्हा ८० च्या वर चढले. जर्मनीने २००३ पासून असे डिपॉझिट सक्तीचे केले. आज तेथे एका बाटलीमागे पंचवीस सेंट ठेवून घेतात व जवळजवळ सर्व बाटल्या परत येतात.

आपल्या देशातले उदाहरण निलगिरीचे. जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींचे पाय कापतात, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. २०२२ पासून त्या जिल्ह्यातील सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी आणल्यावर परत देऊ लागले. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिक बंदीत बाटल्यांच्या परताव्याची तरतूद केली होती, पण गावोगावी बाटल्या परत घ्यायची व्यवस्था उभी राहिली नाही. घेणारा जवळ नसेल तर दोन रुपयांसाठी तालुक्याला कोण जाईल? गोवा सरकारनेही २०२४ साली न कुजणाऱ्या वेष्टनांसाठी अशी योजना अधिसूचित केली आहे.

तोवर परसातल्या बाटल्या आपणच पाहाव्यात. साठवायच्या तर बूच लावून किंवा उपड्या ठेवाव्यात. साचलेल्या थोड्याशा पावसाच्या पाण्यातही डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. रस्त्याकडेचे गवत कापण्याआधी तेथून एक फेरी मारून काच व डबे वेचावेत, कारण यंत्रात सापडलेल्या डब्याच्या धारदार चिंध्या वैरणीत दिसत नाहीत. आणि गाईने एकाएकी वैरण सोडली, पाठ कमानीसारखी करून उभी राहिली, उतरणीवर कण्हू लागली, तर काढे पाजीत बसू नये. त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे.