बंदूक आपली, गोष्ट कोणाची?

हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर "अगं डावीकडे, डावीकडे!" असे जे आवाज येतात, ते मल्टिप्लेअर. त्यात गोष्ट वगैरे काही नसते, असतात त्या फक्त शिव्या. मी लिहितेय ते त्याच युद्धाच्या गेम्समधल्या दुसऱ्या भागाबद्दल. त्याला 'कॅम्पेन' म्हणतात. आपण एकटेच खेळायचं, आणि पाच-सात तासांत एक अख्खी युद्धकथा संपते. आपल्यातले बरेच जण ती उघडतसुद्धा नाहीत. रेक्टर सर आणि स्टाफलाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करते. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

सिनेमात हीरो गोळी झाडतो आणि आपण बघतो. गेममध्ये बटण आपण दाबतो. फरक एवढाच, पण त्यामुळे गोष्ट सांगायची रीतच बदलते.

सुरुवातीला ही मंडळी सिनेमाच्याच मागे होती. १९९९ च्या 'मेडल ऑफ ऑनर'ची मूळ कल्पनाच स्टीव्हन स्पीलबर्गची. २००३ च्या पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त आपण रशियन सैनिक म्हणून होडीतून स्टालिनग्राडला उतरतो. तिथे एकाला रायफल मिळते आणि दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. आपण दुसरे! प्रसंग २००१ च्या 'एनिमी ॲट द गेट्स' सिनेमातल्यासारखाच आहे. पण सिनेमात रिकाम्या हाताने धावणारा नट असतो. इथे शूटर गेम घेऊन बसलोय आणि शूट करायलाच काही नाही, म्हणजे काय होतं ते खेळल्याशिवाय कळणार नाही.

हाच धागा २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर'ने पुढे नेला. सुरुवातीलाच आपण एका देशाचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष असतो. सैनिक आपल्याला गाडीत कोंबून मारायला नेत असतात. फक्त मान वळवता येते. खिडकीबाहेर शहरात काय चाललंय ते बघत बसायचं, बास. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर इनपुट कापला, फीडबॅक चालू ठेवला. पुढे आपण सार्जंट पॉल जॅक्सन म्हणून कितीतरी लढाया जिंकतो, आणि मग अणुबॉम्ब फुटतो. पडलेल्या हेलिकॉप्टरमधून जॅक्सन सरपटत बाहेर येतो, चार पावलं टाकतो आणि मरतो. कितीही पटापट बटणं दाबा, वाचवता येत नाही. लहानपणापासून गेमने शिकवलेलं असतं की मेलो तर परत खेळायचं. इथे परत खेळणं नाहीच.

पण याच गेममधली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी लेव्हल वेगळी आहे. त्यात आपण रात्री आकाशात, एसी-१३० विमानाच्या तोफेवर असतो. कृष्णधवल कॅमेऱ्यात खाली माणसं म्हणजे पांढरे ठिपके. सोबतचे सैनिक हजेरी घेतल्यासारख्या थंड आवाजात सूचना देतात. आपल्याला धोका जवळजवळ शून्य, म्हणूनच ही लेव्हल सोपी आणि, खरं सांगायचं तर, मजेची. ठिपके विझतात, मिशन संपतं, पुढची लेव्हल.

२०१२ मध्ये बर्लिनच्या 'येगर' कंपनीच्या 'स्पेक ऑप्स: द लाइन'ने नेमका हाच देखावा परत मांडला. वाळूच्या वादळांनी गाडलेली दुबई, कॅप्टन वॉकर आणि त्याचे दोन साथीदार. (प्रेरणा जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'ची, गेममधल्या कर्नलचं नावच कॉनरॅड आहे.) वॉकर उंचावरून व्हाइट फॉस्फरसचा मारा करतो. तोच पडदा, तेच पांढरे ठिपके. फक्त काचेवर वॉकरचा चेहरा अंधुक दिसत राहतो. आणि मग गेम आपल्याला खाली उतरवतो, त्या जळलेल्यांमधून चालत नेतो. ज्या गर्दीवर आपण शेवटचे गोळे टाकले ते सैनिक नव्हते, आसऱ्याला आणलेले सामान्य लोक होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. तिथे नुसत्या बंदुकीने लढायला जा, समोरचे सैनिक संपतच नाहीत. म्हणजे फॉस्फरस वापरायला लावायचं आणि वर दोषही आपल्यालाच द्यायचा! आक्षेप खोटा नाही, पण मला तो अर्धाच पटतो. कारण "दुसरा मार्गच नव्हता" हे वॉकरचंही पालुपद आहे, आणि आपण तेच म्हणत त्याच्याबरोबर पुढे जातो. लोडिंगच्या पडद्यावर आधी खेळायच्या टिप्स येतात, नंतर नंतर ते पडदे आपल्यालाच टोमणे मारायला लागतात. २०२४ च्या जानेवारीत हा गेम ऑनलाइन दुकानांतून काढला गेला, त्यामुळे नवीन विकत घेणं अवघड झालंय. कोणाकडे जुनी डीव्हीडी असेल तर जपून ठेवा.

हे सगळं इतकं मनावर घ्यायचं कारण म्हणजे २०१९ चा 'मॉडर्न वॉरफेअर'. त्यात 'हायवे ऑफ डेथ' नावाची लेव्हल आहे. जळक्या गाड्यांनी भरलेला रस्ता, आणि आपण स्नायपर घेऊन वर बसलेलो. देश काल्पनिक. गेममधली फराह सांगते की पळून जाणाऱ्या लोकांवर रशियनांनी इथे बॉम्ब टाकले. आमच्या विंगमधल्या एकीने लेव्हल संपवून विचारलं, "रशियाने हे कधी केलं गं?" केलंच नाही. याच नावाने ओळखला जाणारा रस्ता कुवेतहून इराककडे जातो. तिथे १९९१ च्या फेब्रुवारीअखेर, माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या विमानांनी बॉम्ब टाकले होते. नाव तेच ठेवलं, विमानं बदलली. २०१९ मध्ये यावर बरीच टीका झाली. पण टीका वाचणारे किती आणि खेळणारे किती? पुस्तकात वाचलेलं सेमिस्टरनंतर कोणाला आठवतं! त्या रस्त्यावर मात्र श्वास रोखून वाऱ्याचा अंदाज घेत प्रत्येक नेम आपण स्वतः धरलेला असतो.