तिजोरी घेतली, पण भिंतीला बसवली का?

‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून’ अशी सुरुवात असलेली बातमी पूर्व हवेलीतल्या वाचकाला नवी नाही. लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर हा सगळा पट्टा डोळ्यांदेखत बदलला. उसाच्या फडाला लागून सोसायट्या उभ्या राहिल्या. राजबागेत एमआयटीचं विद्यापीठ आलं आणि खोल्या भाड्यानं देणं हा जोडधंदा झाला. २०२१ मध्ये लोणी काळभोर पोलीस ठाणं पुणे ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयाकडे गेलं. शेजारी कोण राहतं हे पूर्वी न विचारता कळायचं, आता विचारूनही कळेलच असं नाही. घराला कुलूप लावून जायचे प्रसंग मात्र तेच राहिले: लग्नसराई, पाहुण्यांकडची जत्रा, आषाढीची वारी. पुण्याहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्काम करते, आणि पुढे यवतकडे निघताना घरातलं कुणी ना कुणी तिच्यासोबत वाटेला लागतं.

अशा वेळी चार-पाच हजारांत मिळणारी, बटणं दाबून उघडणारी छोटी इलेक्ट्रॉनिक तिजोरी हा चांगलाच आधार आहे. ती घ्यावी, असंच माझं मत आहे. पण तिच्याबद्दलचे काही समज इतके घट्ट बसलेत, की तिजोरी घरात असूनही दागिने उघड्यावर ठेवल्यासारखे राहतात.

“कोड मला एकट्याला माहीत आहे, मग भीती कसली?”

चोर कोड शोधत बसत नाही. तो तिजोरीच उचलून नेतो. लहान तिजोरीचं वजन साधारण आठ ते बारा किलो असतं. स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि तो एक माणूस जिना चढून वर आणून देतो. मग सुटी तिजोरी चादरीत गुंडाळून गाडीवर ठेवायला किती वेळ लागणार? शेतात किंवा आडोशाला नेल्यावर ग्राइंडर चालवायला त्याच्याकडे सगळी रात्र असते. आवाज ऐकायलाही कुणी नसतं.

तिजोरीचं दार उघडून आत नीट पाहा. मागच्या पत्र्याला आणि तळाला भोकं असतात, बहुतेकदा त्यांना रबरी बुचं लावलेली असतात. खोक्यात बोल्टची पिशवीही असते. अनेक घरांत ही पिशवी वर्षानुवर्षं न फोडता तशीच तिजोरीच्या आत पडून असते. तिजोरीची खरी ताकद त्या पिशवीत आहे, हे माझं या लेखातलं मुख्य म्हणणं आहे.

बोल्ट कशात मारता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वॉर्डरोबच्या प्लायवूडला स्क्रूनं आवळलेली तिजोरी कटावणीच्या दोन हिसक्यांत प्लायसकट निघते. प्लायला भोक पाडून बोल्ट मागच्या भिंतीत गेला पाहिजे. जुन्या घरातल्या भाजक्या विटांच्या जाड भिंतीत अँकर फास्टनर छान धरतो. पण अलीकडच्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर फिरतो, आवळताना घट्ट वाटतो आणि ओढला की भुगा होऊन बाहेर येतो. तिथे रसायन भरून बसवायचा अँकर वापरावा, किंवा सरळ तळातून खालच्या स्लॅबमध्ये बोल्ट घ्यावेत. वरच्या मजल्यावर नुसत्या फरशीत आणि कोब्यात बोल्ट थांबला तर उपयोग नाही, तो काँक्रीटपर्यंत पोचायला हवा. कॉलम किंवा बीमला मात्र मनानं ड्रिल लावू नये, आत सळ्या असतात. बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, तीही टाळावी. चांगला गवंडी किंवा सोसायटीचं काम केलेला माणूस तासाभरात हे करून देतो. फ्लॅट भाड्याचा असेल तर मालकाला आधी विचारा. तो ‘हो’ म्हणाला तर बसवा, नाहीतर सुट्या तिजोरीच्या भरवशावर मोठा ऐवज ठेवू नका.

जागा कोपऱ्यातली आणि खालची निवडा, दोन बाजूंना भिंती येतील अशी. कटावणीला पेच घ्यायला जागाच मिळत नाही. बेडरूममधलं कपाट चोर सगळ्यात आधी उघडतो, म्हणून दुसरी एखादी कोरडी, नजरेआड जागा असेल तर फारच बरं.

“तिजोरी फुटत नाही”

फुटते. कुठलीही फुटते, प्रश्न फक्त किती वेळात एवढाच असतो. अमेरिकेत तिजोऱ्यांना प्रमाणपत्र देताना त्या हत्यारांपुढे पंधरा मिनिटं टिकतात की तीस, असंच मोजतात. आपल्याकडेही चोरीला दाद न देणाऱ्या तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक छोट्या तिजोऱ्या त्या वर्गात बसतच नाहीत. त्यांचं अंग दोन मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याचं असतं, दार तेवढं जरा जाड. घरातल्या लोखंडी कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही कमी असतो, म्हणजे त्याच्या आतल्या चोरकप्प्यापेक्षा ही तिजोरी नक्कीच बरी. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांपासून सुरुवात केली आणि पुढे १९०२ मध्ये तिजोऱ्या बनवायला घेतल्या. पेढीवरच्या त्या जुन्या, चार माणसांनाही न हलणाऱ्या तिजोऱ्यांची प्रतिमा आपल्या मनात आहे आणि ‘तिजोरी’ म्हटलं की तोच भरवसा आपण या लहान डब्यालाही देऊन टाकतो.

आत काय असतं तेही सांगतो. मूठ फिरवली की दाराच्या कडेतून दोन जाड कांब्या बाहेर येतात. त्या मुठीला अडवून धरते ती एक छोटीशी लोखंडी पिन, मागे स्प्रिंग असलेली. बरोबर कोड दिला की अंगठ्याएवढ्या गुंडाळीत वीज खेळते, पिन काही सेकंद मागे ओढली जाते आणि मूठ फिरते. अगदी स्वस्त बनावटीत ही पिन हलकी असते आणि जोराच्या धक्क्यानंही सरकू शकते. दुकानात विचारा: पिन धक्क्यानं हलू नये अशी सोय आहे का, की कुलूप छोट्या मोटरवर चालतं? विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर दुसऱ्या दुकानात जा. भिंतीला पक्की बसवलेली तिजोरी हलवता आणि आपटता येत नाही, तोही बोल्टचाच फायदा.

“लाइट गेली किंवा सेल संपले की अडकलं”

घरातल्या विजेशी तिचा संबंध नाही. बहुतेक तिजोऱ्या चार पेन्सिल सेलवर, म्हणजे सहा व्होल्टवर चालतात. सेल संपले तरी कोड पुसला जात नाही, तो अशा चिपमध्ये साठवलेला असतो जिला वीज नसली तरी चालतं. सेल दाराच्या आतल्या बाजूला असतात, म्हणून बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय किंवा आणीबाणीची किल्ली दिलेली असते. अल्कलाइन सेल वापरा, चारही एकदम बदला. वर्षातून एक दिवस ठरवून टाका, दसऱ्याला हत्यारांची पूजा करता तेव्हा किंवा लक्ष्मीपूजनाला. साधे सेल वर्षानुवर्षं तसेच राहिले तर पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजवतात.

“किल्ली आतच ठेवलीय, हरवायला नको”

हे ऐकलं की काळजी वाटते. सेल संपल्यावर उपयोगी पडणारी किल्ली तिजोरीतच असेल तर ती असून नसल्यासारखी. याच्या उलट टोक म्हणजे किल्ली देवघरात, ड्रॉवरमध्ये किंवा तिजोरीच्या वरच ठेवणं. मग कोडला काही अर्थच उरत नाही. किल्ली दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, भावाकडे, विश्वासातल्या माणसाकडे.

किल्लीमागे पैशांचाही मोठा मुद्दा दडलाय. घरफोडीच्या विम्यात सर्वसाधारणपणे एक अट असते: तिजोरी तिच्याच किल्लीनं किंवा नकली किल्लीनं उघडून चोरी झाली, तर भरपाई नाही, ती किल्ली मारहाण करून किंवा धमकावून घेतली असेल तरच मिळते. म्हणजे ड्रॉवरमधली किल्ली चोराला सापडली तर दागिने जातात आणि दावाही जातो. शिवाय घरात जबरदस्तीनं शिरल्याच्या खुणा विमा कंपनी मागते. भारत गृह रक्षा ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली, पण ती मुळात आग, पूर, वादळ अशा आपत्तींसाठी आहे. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दागिन्यांची नोंद वेगळी करावी लागते. पॉलिसी घेताना ही कलमं एजंटासमोर बसून वाचून काढा.

कोडबद्दल थोडं

चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, सहा आकड्यांचे दहा लाख. पण सगळं घर जन्मसाल, मोबाइलचे शेवटचे चार आकडे किंवा गाडीचा नंबर ठेवत असेल, तर हा हिशेब कागदावरच राहतो. गाडीचा नंबर तर दारातच उभा असतो. नवी तिजोरी कारखान्यातून सोपा, माहितीपुस्तिकेत छापलेला कोड घेऊन येते. आपण आपला कोड टाकतो, पण बऱ्याच तिजोऱ्यांना त्याखेरीज एक मास्टर कोड असतो आणि तो बदलायचा राहून जातो. दोन्ही बदला.

बटणांकडेही लक्ष द्या. एकच कोड वर्षानुवर्षं वापरला की तीच चार बटणं गुळगुळीत, मळकी होतात. ती कुठली हे दिसलं की क्रम लावायचे उरतात फक्त चोवीस. वर्ष-दोन वर्षांनी कोड बदला आणि बटणं कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. दार उघडं ठेवून नवा कोड दोन-तीनदा चालवून पाहा, मगच दार लावा.

“कागदपत्रं आगीपासून वाचतील”

नाही. साधी पोलादी तिजोरी आगीत तव्यासारखी तापते. कागद सुमारे १७५ अंशांच्या पुढे करपायला लागतो. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कसाठी तर मर्यादा बावन्न अंशांच्या आसपास धरतात. आगीतही टिकणाऱ्या कपाटांचं मानक वेगळं आहे, आयएस १४२०३. त्यांच्या भिंतीत उष्णतारोधक जाड थर असतो आणि वजन एकट्याला हलवता येणार नाही इतकं असतं. वेष्टनावर ज्वाळेचं चित्र आहे, एवढ्यावर जाऊ नका. किती मिनिटं आणि किती अंश, हे लिहिलेलं असेल तरच तो दावा.

त्यातही सगळेच कागद तिजोरीत हवेत असं नाही. सातबारा जपून ठेवायची जुनी सवय आहे, पण डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून काढता येते. मृत्युपत्राची मूळ प्रत, जुने वाटणीपत्र, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, ज्यांची दुसरी प्रत सहज निघत नाही असे कागद आधी आत ठेवा, तेही प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. पावसाळ्यात बंद तिजोरीत दमटपणा साचतो. न वापरलेली भोकं बुचांनी बंद ठेवा.

“त्यापेक्षा बँकेचा लॉकर, तिथे बँक जबाबदार”

जबाबदार आहे, पण मर्यादेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचना १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं, तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत देणं लागते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. तोळ्याचा भाव लाखापलीकडे गेलेला असताना ही रक्कम दोन तोळ्यांनाही पुरत नाही. भूकंप, पूर, वीज पडणं यांत बँकेची जबाबदारी नसते. लॉकरच्या करारानुसार आत रोकड ठेवता येत नाही. ठेवींवरचं पाच लाखांचं विमा संरक्षण लॉकरला लागू नाही. आणि नवी मुंबईत जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी जवळच्या गाळ्यातून भुयार खणून बँक ऑफ बडोदाच्या शाखेतले तीसेक लॉकर फोडले होते.

तरीही वर्षातून दोनदा लागणारे जड दागिने लॉकरमध्ये आणि रोजच्या-सणाच्या वापरातले घरच्या तिजोरीत, ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. लग्नसराईत दागिने घरी आणले की सोहळा संपताच परत नेऊन ठेवा. ‘नेऊ पुढच्या आठवड्यात’ म्हणत महिने जातात.

“घरात पन्नास तोळ्यांहून जास्त सोनं ठेवणं गुन्हा आहे”

हा समज प्राप्तिकर विभागाच्या ११ मे १९९४ च्या सूचनेतून पसरला. छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचं २५० ग्रॅम आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये, असं त्या सूचनेत म्हटलंय. ती साठवणुकीची मर्यादा नाही. कमाईतून किंवा वारशातून आलेलं दाखवता येत असेल तर जास्तही ठेवता येतं. पण या भीतीनं लोक पावत्या फाडतात, यादी करत नाहीत, विमा काढत नाहीत, आणि चोरी झाल्यावर तक्रारीतही खरा आकडा सांगत नाहीत. यात नुकसान त्यांचंच होतं.

यादी करायला आता चांगली सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. भिंगातून पाहून तो क्रमांक लिहून घ्या, बीआयएस केअर ॲपवर पडताळून पाहा. प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो काढा, एक पूर्ण आणि एक खुणेचा: मंगळसूत्राच्या वाटीवरचा ठसा, पाटलीवरचा ओरखडा, सोनारानं घातलेला डाग. जुन्या, हॉलमार्क नसलेल्या दागिन्यांची ओळख याच खुणांवर पटते. यादी, पावत्या आणि तिजोरीचा अनुक्रमांक तिजोरीत नको, बाहेर ठेवा. कोड घरातल्या दुसऱ्या एका जबाबदार माणसाला माहीत हवा, नाहीतर घरधन्याला अचानक काही झालं तर दुःखाच्या दिवसांत कुलूप कापायला माणूस शोधावा लागतो.

आणि परत आल्यावर कडीकोयंडा तुटलेला दिसलाच, तर आत जाऊन आवराआवर करू नका. चोर अजून आत असू शकतो, आणि ठसे तर असतातच. बाहेरूनच ११२ ला फोन लावा. पंचनामा होईपर्यंत तिजोरीला, कपाटाच्या दारांना कुणाला हात लावू देऊ नका. एचयूआयडीची यादी आणि फोटो फिर्यादीसोबत द्या, एफआयआरची प्रत मागून घ्या, ती विनामूल्य मिळते. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.