आई, तू का नाही उभी राहिलीस?

४ जून २०२४ची सकाळ. आपल्याकडे लोकसभेच्या मतमोजणीची धामधूम, आणि माझी बी.ए.ला असलेली लेक पेपर नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, मेक्सिकोत बाई राष्ट्राध्यक्ष होणार! क्लॉडिया शेनबॉम!"

पोळी उलटत मी म्हटलं, "त्यात काय? आपल्याकडे इंदिराबाई १९६६ सालीच पंतप्रधान झाल्या."

"अगं, पण तिथे देशाच्या निवडणुकीत बायकांना मतच १९५३ पासून. आपल्या आज्यांनी तर पहिल्याच निवडणुकीत मत दिलं होतं. आणि या वेळी मुख्य लढत दोन बायकांतच होती. मला तर वाटतं, आता जगभर असंच होणार!"

तिचे डोळे चमकत होते. मला मात्र राहवेना. म्हटलं, "तिथे बायकांवर अत्याचार किती होतात! प्रचारात उमेदवारांचे खून पडले. एका खुर्चीने काय बदलणार?"

"एका खुर्चीने नाहीच. पण २०१४ला त्यांनी घटनेतच लिहिलं, संसदेसाठी निम्म्या उमेदवार बायकाच हव्यात. खालच्या खुर्च्या भरल्या, म्हणून वरची मिळाली. आपल्याकडेही पालिकेत निम्म्या जागा बायकांच्याच ना? मग २०१६ला तू का नाही उभी राहिलीस?"

पोळी करपली.

तेव्हा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होता. मंडळी घरी आली होती. "वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकी भाऊ बघतील." मी सासूबाईंच्या आजारपणाचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. नुसती सही करायची नव्हती, आणि 'बाकीचं मीच बघेन' म्हणायची हिंमत नव्हती. लेकीला तसं खरं सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग आता म्हण की!"

निवडणुकीचं अजून ठरवलेलं नाही. पण पाण्याचं निवेदन घेऊन पालिकेत जाताना आमचा बचत गट नेहमी कुणाच्या तरी यजमानांना पुढे करायचा. त्या महिन्यात आम्ही बायकाच गेलो. मुख्याधिकाऱ्यांसमोर मी बोलले. आवाज थरथरला, पण बोलले.

मैत्रिणींनो, आपल्या लेकी दूरदेशीच्या बातमीवरही आशा धरतात. त्यांच्यावर पाणी ओतायची घाई आपण करू नये. कदाचित त्या आपल्यासाठीच आशा धरत असतील.