सुई एकाची, सूक्ष्मदर्शक दुसऱ्याचा

आमच्या रुग्णालयातली एफएनएसीची, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासायची, खोली गेल्या महिन्यात बंद झाली. आता सुई खाली कुणीतरी टोचतं, काचपट्ट्या डब्यातून आमच्याकडे येतात आणि सोबतच्या फॉर्मवर दोन शब्द असतात : ‘डोक्यावर गाठ’. एवढ्यावर निदान द्यायचं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात मार्टिन आणि एलिस यांनी १९३०मध्ये गाठींतल्या पेशी सुईने ओढून दाखवल्या. पुढे स्वीडनमध्ये सुई बारीक झाली. ते सगळं पुस्तकात आहे. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते नव्वदचं दशक.

तेव्हा रुग्ण आमच्यासमोर स्टुलावर बसायचा. केस बाजूला सारून आधी गाठ चाचपायची. कातडीबरोबर सरकते की हाडाला धरून आहे? दाबली की खचते? ठोके लागतात? बहुतेक साधी आवाळवंच असायची. सुईत दाट, पांढुरका लगदा यायचा. चरबीची गाठ असली तर काचेवर तेलकट थेंब. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बरोबर मध्यरेषेत गाठ असली तर सुई लावायचीच नाही. अशी गाठ आत मेंदूपर्यंत गेलेली असू शकते. आधी स्कॅन.

एक आजी आल्या होत्या. चिठ्ठीवर ‘आवाळू’ आणि ते काढायची तारीख. गाठ मात्र बोटाखाली उडत होती. २३ नंबरची सुई हलकेच घातली, नुसतं रक्त आलं. त्या रक्तात थायरॉइडच्या पेशींचे गोल पुंजके होते. मान चाचपली, तर तिथे जुनी गाठ! कुणी विचारलंच नव्हतं. थायरॉइडचा कर्करोग कवटीच्या हाडात उतरला होता. अशी गाठ रक्ताने भरलेली असते. आवाळू समजून चिरली असती तर रक्त आवरणं कठीण होतं.

‘सुईने काय कळतं? काढून बघू’ म्हणणारे सर्जन तेव्हा पुष्कळ होते. केसांच्या मुळांच्या आणि घामाच्या ग्रंथींच्या काही गाठींबाबत त्यांचं खरंही होतं. तिथे तुकडाच लागतो. पण या आजींना सुईनेच वाचवलं, आणि सुईआधी बोटांनी.

आता म्हणतात, काचपट्टी स्कॅन करून कुठेही वाचता येते. वाचता येते, पण गाठीचे ठोके तिच्यात उमटत नाहीत. सुईत पू दिसला की आम्ही तिथल्या तिथे एक पट्टी क्षयाच्या जंतूंसाठी राखायचो, उरलेला पू कल्चरला द्यायचो. आता शंका येईपर्यंत ती सिरिंज कचऱ्यात गेलेली असते आणि रुग्णाला पुन्हा टोचून घ्यायला बोलवावं लागतं.