आज्ञाधारक फ्रान्झ

शाळेत असताना रजेच्या अर्जाखाली आपण सगळ्यांनीच लिहिलेलं असतं, 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. तेव्हा आज्ञा एकाचीच असायची, गुरुजींची. पण एकाच वेळी दोन आज्ञा समोर आल्या आणि एक पाळली की दुसरी मोडते अशी वेळ आली, तर आज्ञाधारक माणसानं काय करायचं? ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न पहिल्या शतकापासून आहे. सत्तेच्या अधीन राहा, असं संत पौल रोमकरांना पत्रातून सांगतो. आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र भर न्यायसभेत म्हणतो, की माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे. दोन्ही वचनं एकाच बायबलमधली.

ऑस्ट्रियातल्या सांक्त राडेगुंड या खेड्यातल्या एका शेतकऱ्यापुढे हा पेच उभा राहिला. त्याचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर, जन्म १९०७ चा. तरुणपणी जरा वांडच. गावात पहिली मोटारसायकल त्यानं आणली, मारामाऱ्याही केल्या. १९३६ साली फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि गडी बदलला. दोघं मिळून बायबल वाचू लागले. पुढे गावच्या चर्चची व्यवस्था पाहण्याचं कामही त्याच्याकडे आलं.

१९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला आणि त्यावर लोकांचा कौल घेतला. गावात विरोधी मत फक्त फ्रान्झचं पडलं. १९४० साली त्याला सैन्यात बोलावणं आलं, तेव्हा तो गेला. प्रशिक्षण घेतलं, शपथही घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण असा माणूस पहिल्या दिवसापासून ठाम असतो असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. शेतीसाठी त्याची गरज आहे म्हणून १९४१ मध्ये त्याला घरी सोडलं, आणि त्यानंतर त्यानं मनाशी ठरवलं, की हे युद्ध अन्यायाचं आहे, पुन्हा बोलावलं तर लढायचं नाही.

सल्ला त्यानं पुष्कळांना विचारला. थेट लिंझच्या बिशपांकडे गेला. बिशप म्हणाले, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुमचं काम नाही, तुमच्यावर घराची जबाबदारी आहे. हा सरकारचा हेर तर नसेल, अशी बिशपांना भीती वाटली असावी, असं फ्रान्झ बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला. बिशपांना सरसकट दोष देणं सोपं आहे. पण ज्याच्या घरी तीन चिमुकल्या मुली, थोरलीला सहावं वर्षही पुरं झालेलं नाही, अशा बापाला 'जा, मर' असं कोण सांगेल?

१ मार्च १९४३ रोजी फ्रान्झ एन्स इथल्या छावणीत हजर झाला आणि मी लढणार नाही, असं त्यानं सांगितलं. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता. ते कुणी मान्य केलं नाही. आधी लिंझचा तुरुंग, मग बर्लिनचा टेगेल तुरुंग. ६ जुलैला लष्करी न्यायालयानं मृत्युदंड दिला. त्यानंतर फ्रान्झिस्का गावच्या फादरना घेऊन बर्लिनला आली, आणि निर्णय बदल, म्हणून फादरांनी त्याला विनवलं. तो बदलला नाही. त्याच तुरुंगातल्या धर्मगुरूंकडून त्याला कळलं होतं, की फ्रान्झ रायनिश नावाच्या एका धर्मगुरूनं वर्षभरापूर्वी हिटलरची शपथ नाकारून असाच मृत्यू पत्करला. आपण वेडे नाही, एवढा दिलासा त्यातून मिळाला असावा. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रान्डेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला.

खरी कसोटी पुढे होती, आणि ती फ्रान्झिस्काची. आमचे नवरे, आमची मुलं लढायला गेली आणि हा एकटा शहाणा निघाला, असं गावात बोललं जाई. नवऱ्याला तिनंच बिघडवलं, असंही. युद्धात मेलेल्यांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळत होतं, तिला ते १९५० पर्यंत नाकारलं गेलं. युद्ध संपल्यावरसुद्धा त्याची हकिगत चर्चच्या पत्रात छापायला लिंझच्या बिशपांनी मनाई केली. तिनं नवऱ्याला आधी परोपरीनं समजावून पाहिलं होतं. पण मीही पाठीशी उभी राहिले नसते तर त्याला कुणीच नव्हतं, असं ती पुढे सांगत असे.

जगाला फ्रान्झ कळला तो गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९६४ सालच्या पुस्तकामुळे. आणि इथे एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे फ्रान्झचं उदाहरण ठेवलं. हे तेच रॉबर्ट्स, ज्यांनी भारतीय माणसाला जागा मिळावी म्हणून मुंबईचं पद सोडलं आणि त्या जागी व्हॅलेरियन ग्रेशियस आले. सदसद्विवेकबुद्धीनं शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असं त्या परिषदेच्या अखेरच्या दस्तऐवजांपैकी एकात नमूद झालं.

१९९७ साली बर्लिनच्या न्यायालयानं मृत्युदंडाचा तो निकाल रद्द केला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला संतपदाच्या आधीची पायरी बहाल झाली, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती. २०१३ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, ती गेली. फ्रान्झची रक्षा १९४६ सालीच गावी आणून चर्चच्या भिंतीलगत पुरलेली होती. आणि त्याच्यामागे त्या चर्चच्या व्यवस्थेचं काम कितीतरी वर्षं तिनंच केलं.