रील पाहून पीच लावताय? जरा थांबा!

डिसेंबरच्या पहाटे कानटोपी घालून वेळापूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहिलीय ना? दात वाजतात तेव्हा वाटतं, अरे, हे तर काश्मीरच! त्यात मोबाईलवर रील येतं : ‘पीच लावा, लखपती व्हा.’ रोप ऑर्डर करायच्या आधी हे वाचा.

पीच हिवाळ्यात झोपणारं झाड. पारा साधारण सात अंशांखाली असतानाचे तास ते जणू मोजतं. काही जातींना असे दोन-अडीचशे तास पुरतात, काहींना आठशेही कमीच. हिशेब पुरा झाला नाही तर कळ्या नीट फुटत नाहीत. मग कुठे चार पानं, कुठे दोन फुलं, आणि फळांच्या नावानं बोंब! आपल्याकडे सात अंश एखाद्या पहाटे आलाच तर बातमी होते. तासांचं गणित जुळणार कसं?

बरं, थंडी भरपूर म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. पीच लवकर फुलतं. फुलात असताना पारा उणे दोन-तीनवर गेला की मोहर जळायला लागतो. निफाडचे द्राक्षवाले कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तशीच जागरणं तिथेही. त्यात थंड पावसात पानं वाकडी करणारी बुरशी येते. म्हणून इंग्लंडमध्ये हौशी लोक पीच दक्षिणेच्या उबदार भिंतीलगत वाढवतात, वर प्लास्टिकचं छप्पर घालतात. गारठ्यात मधमाश्या फिरकल्या नाहीत तर ब्रशने परागीकरण करतात!

आता आपल्या बांधावर या. झाडाला झोपवायची कला आपल्याकडेही आहेच. डाळिंबाची बाग ‘ताणावर सोडतात’ ती हीच. पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी करून खत-पाणी दिलं की बाग फुलते. थंडीचं काम इथे कोरड्या जमिनीकडून करून घेतात. मृग, हस्त की आंबे बहार, हे शेतकरीच ठरवतो. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.

हौस म्हणून परसात एक पीच लावा, बिनधास्त. पण पप्पांना एकरभर लावायला सांगण्याआधी रोपं विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा : या जातीला थंडीचे किती तास लागतात? आणि आपल्यासारख्या हवेत फळ धरलेली बाग कुठे बघायला मिळेल?

उत्तर टाळलं, तर रील पुढे सरकवा. रोप फसलं हे कळायला तीन-चार वर्षं जातात. कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही.